वाहनांचा संवाद आणि मुद्रेचा विश्वास

मुंबईहून गुजराथेकडे जावयाचें तर डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांस टाळून जाणें कठीण आहे. पश्चिम रेल्वेचा लोहमार्ग समुद्राच्या अंगानें डहाणू रोड व घोलवड या स्टेशनांवरून उत्तरेस जातो. राष्ट्रीय महामार्ग ४८ चारोटीवरून तलासरीस येतो आणि आच्छाडच्या नाक्यापाशीं राज्याची सीमा ओलांडतो. मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्ग, मुंबई-अहमदाबाद वेगवान आगगाडीचा मार्ग आणि वडोदऱ्याकडील नवा द्रुतगति महामार्ग हेहि याच पट्ट्यांतून आंखलेले आहेत. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस डोंगरांच्या रांगा, यांमधून देशाच्या व्यापाराचा एवढा मोठा ओघ ज्या भूमीवरून वाहतो, तेथील माणसांस वाहनांविषयीं चार गोष्टी ठाऊक असाव्यात हें योग्यच होय. शिवाय वापी, उंबरगांव किंवा बोईसर येथें पोटासाठीं रोज ये-जा करणारें कोणी नाहीं, अशीं घरें या भागांत थोडींच सांपडतील.

वाहन हें आजवर जवळजवळ मुकें होतें. भोंगा, दिवा आणि चालकाचा हात एवढीच त्याची वाणी. आतां मात्र वाहनें एकमेकांशीं बिनतारी भाषेंत बोलूं लागलीं आहेत. हें बोलणें कसें चालतें तें सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु ऐकणाऱ्या गाडीनें बोलणाऱ्या गाडीवर विश्वास कां ठेवावा, हा त्याहून मूलगामी प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

बोलण्याची गरज

ता. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यास धडकून प्रसिद्ध उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यु पावले. त्या वेळीं देशभर चर्चा झाली ती मागच्या आसनावरील पट्ट्याची, आणि ती योग्यच होती. पुलापाशीं रस्त्याचे पदर कमी होतात, ही गोष्टहि तेव्हां पुढें आली. एखाद्या दुःखद अपघाताचा आधार घेऊन नव्या यंत्राची महती गाणें उचित नव्हे. अमुक यंत्र असतें तर अमुक टळलें असतें, असें कोणींहि छातीठोकपणें सांगूं नये. परंतु महामार्गावर माणसाच्या डोळ्यांस आणि हातापायांस किती थोडा अवधि मिळतो, याचा हिशेब मात्र प्रत्येकानें करून पाहावा.

ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर अंतर तोडते. पुढील संकट डोळ्यांस दिसणें, तें मनास उमगणें आणि पाय ब्रेकवर जाणें यांत सेकंद-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यांत गाडी तीस-चाळीस मीटर पुढें गेलेली असते. त्यांतून पुढें उंच मालमोटार असेल, वळण असेल किंवा आषाढांतील दाट सर कोसळत असेल, तर संकट वेळेवर दिसतच नाहीं.

येथें बिनतारी संदेश कामास येतो. प्रत्येक गाडी सेकंदास दहा वेळां आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक लावला आहे कीं नाहीं एवढा मजकूर आसमंतांत सोडते, आणि कांहीं शें मीटरांच्या टापूंतील इतर गाड्या तो ऐकतात. मधली मालमोटार दृष्टीच्या जशी आड येते तशी या लहरींच्या येत नाहीं. अमेरिकेनें या कामासाठीं १९९९ सालीं लहरींचा एक पट्टा राखून ठेवला. जपानांत २०१५ पासून अशा मोटारी विक्रीस आल्या, आणि जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें २०१९ मध्यें आपल्या गोल्फ मोटारींत ही सोय घातली. आपल्या महामार्गांवर ती अजून रुळावयाची आहे. म्हणूनच तिच्या विश्वासाचा पाया आधीं तपासून घेण्यास हीच वेळ योग्य होय.

गुप्तता नव्हे, ओळख

सांकेतिक लिपि म्हटली कीं आपल्यासमोर गुप्त पत्रें उभीं राहतात. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' नांवाची कला गणली आहे. तीहि शब्दांचा अर्थ परक्यास कळूं न देण्याचीच. परंतु वाहनांच्या बोलण्यांत गुप्त राखण्यासारखें काय आहे? पुढच्या गाडीनें ब्रेक लावला आहे, हें जितक्यांस कळेल तितकें बरें. येथें गरज गुप्ततेची नसून ओळखीची आहे. संदेश अधिकृत वाहनाकडूनच आला, वाटेंत तो कोणी बदलला नाहीं, आणि तो शिळा नसून आतांचाच आहे, या तीन गोष्टींची खात्री हवी.

ही खात्री नसली म्हणजे काय होतें, तें पोलंड देशानें अनुभवलें. तेथील जुन्या रेल्वे-रेडिओंत असा संकेत होता कीं ठराविक तीन स्वर एकामागून एक ऐकूं आले म्हणजे टापूंतील आगगाड्यांनीं आपोआप थांबावें. संकटाच्या वेळीं ही सोय मोठ्या उपयोगाची. पण स्वर कोणीं वाजविले हें विचारण्याची सोयच तींत नव्हती. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस श्चेचिन शहराच्या आसपास कोणीं तरी ते स्वर बिनतारी यंत्रांतून सोडले, आणि वीसांहून अधिक गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. त्यासाठीं कोणतीहि गुप्त लिपि फोडावी लागली नव्हती. स्वर जाणकारांस ठाऊक होते आणि यंत्र बाजारांत मिळण्याजोगें होतें. दारावर थाप पडतांच "कोण आहे?" असें न विचारतां कडी काढणाऱ्या घरासारखीच ती व्यवस्था होती.

आपल्या संस्कृत वाङ्मयांत या विषयावर एक संपूर्ण नाटकच आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसां'त अमात्य राक्षसाची नांव कोरलेली आंगठी चाणक्याच्या हातीं लागते. चाणक्य युक्तीनें एक पत्र राक्षसाच्याच मित्राच्या, शकटदासाच्या, हातून लिहवून घेतो, त्यावर ती मुद्रा उठवितो, आणि योग्य वेळीं तें मलयकेतूच्या दृष्टीस पडेल अशी तजवीज करतो. अक्षर ओळखीचें, मुद्रा खरी; मजकूर मात्र कपटाचा. त्या पत्रामुळें राक्षस आणि मलयकेतु यांचा स्नेह तुटतो. लाखेवरील मुद्रेचे तिन्ही दोष या एका प्रसंगांत दिसतात. ती कोणत्याहि मजकुरावर सारखीच उठते. ती परक्याच्या हातीं गेली तरी तितकीच खरी ठरते. आणि ती हरवल्याचें सर्वांस तत्काळ कळविण्याचा मार्ग नसतो. आजच्या गणितज्ञांनीं जी अंकांची मुद्रा घडविली आहे, तिचें सर्व कौशल्य या तीन दोषांच्या परिहारांत आहे.

अंकांची मुद्रा

पहिला दोष घेऊं. वेदपाठकांनीं संहितेच्या रक्षणासाठीं पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची योजना केली. शब्द उलटसुलट क्रमानें पुन्हां पुन्हां गुंफलेले असल्यामुळें एके ठिकाणीं चूक झाली तर ती दुसऱ्या ठिकाणीं उघडी पडते. मजकूर शाबूत आहे कीं नाहीं हें त्याच्याच बांधणीवरून ताडण्याचा हा फार प्राचीन उपाय होय. परंतु तो विस्मरणाविरुद्ध आहे, कपटाविरुद्ध नव्हे. ज्यास घनपाठाची रीति अवगत आहे, तो बदललेल्या मजकुराचाहि घनपाठ रचूं शकेल. अंकमुद्रेंत याच विचारास गुप्त किल्लीची जोड दिलेली असते. मजकूर आणि किल्ली यांच्या संयोगानें एक लांबलचक संख्या सिद्ध होते, व ती मजकुरास जोडली जाते. मजकुरांतील एक अंक बदलला तरी मुद्रा जुळत नाहीं, आणि किल्लीवांचून नवी मुद्रा घडवितां येत नाहीं. एका पत्रावरील मुद्रा उचलून दुसऱ्यावर डकविणें येथें शक्य नाहीं. शिवाय मजकुरांत वेळहि नोंदलेली असते; त्यामुळें कालचा खरा संदेश कोणीं आज पुन्हां सोडला, तर तो शिळा म्हणून टाकून दिला जातो.

आतां ही किल्ली कोणापाशीं असावी? येथें आगगाडी आणि मोटार यांच्या वाटा वेगळ्या होतात.

भारतीय रेल्वेची 'कवच' नांवाची यंत्रणा लखनौ येथील रेल्वेच्या संशोधन-संस्थेनें भारतीय कंपन्यांच्या साहाय्यानें सिद्ध केली. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्यें सुरू झाल्या; जुलै २०२० मध्यें ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली, आणि जुलै २०२४ मध्यें तिच्या चौथ्या आवृत्तीस मान्यता मिळाली. रुळांमध्यें बसविलेल्या खुणांवरून इंजिनास आपली जागा कळते, स्टेशनाच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या बिनतारी संदेशानें पुढचा सिग्नल कळतो, आणि चालकाचें धोक्याच्या सिग्नलाकडे दुर्लक्ष झालें तर ब्रेक आपोआप लागतो. ता. ४ मार्च २०२२ रोजीं सिकंदराबाद विभागांत झालेल्या चाचणींत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनांत बसले होते. समोरासमोर आणलेल्या दोन इंजिनांपैकीं त्यांचें इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटर अंतरावर आपोआप थांबलें. दिल्ली-मुंबई मार्गास या कामीं अग्रक्रम देण्यांत आला, आणि डहाणू रोड त्याच मार्गावर आहे.

जी यंत्रणा खऱ्या संदेशानें ब्रेक लावते, तिच्याकडून खोट्या संदेशानेंहि ब्रेक लावून घेतां येईल. किंवा त्याहून भयंकर म्हणजे, वाट मोकळी नसतां ती मोकळी असल्याचें तिला भासवितां येईल. म्हणून इंजिन व स्टेशन यांमधील संदेशांस गुप्त किल्लीची मुद्रा असते, आणि त्या किल्ल्या एका मध्यवर्ती व्यवस्थेकडून मोबाईलच्या जाळ्यांतून पुरविल्या जातात. एकेरी लोहमार्गावर चालकाच्या हातीं लोखंडी गोळा दिल्यावांचून गाडी पुढच्या स्टेशनाकडे निघत नसे, हें जुन्या प्रवाशांस आठवत असेल. गोळा हातीं असणें हाच पुढें जाण्याचा परवाना. आणि दोन स्टेशनांमधील यंत्रांतून एका वेळीं एकच गोळा बाहेर निघे. संदेशावरील मुद्रा ही त्या गोळ्याची बिनतारी वारस होय.

रेल्वेस हें साधतें, कारण ती एका कर्त्याचें घर आहे. कोणत्या पेटीची किल्ली कोणाच्या कमरेस असावी, हें एकत्र कुटुंबांत घरांतल्या घरांत ठरतें. महामार्ग मात्र भरलेला बाजार आहे. तलासरीपाशीं राजकोटची मालमोटार, ठाण्याची खाजगी मोटार आणि सिल्वासाची बस क्षणभर शेजारीं येतात. त्यांची पूर्वीं भेट झालेली नसते व पुढें होण्याचा संभवहि नसतो. अशा कोट्यवधि परक्यांस एकच सामायिक किल्ली दिली, तर एका गाडीचें यंत्र फोडणाऱ्याच्या हातीं सर्वांच्या किल्ल्या जातील.

यावरील उपाय डिफी व हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९७६ सालीं मांडलेल्या विचारांतून निघाला. किल्ल्यांची जोडी करावयाची. एका किल्लीनें मुद्रा उठवावयाची, दुसरीनें ती पारखावयाची. पहिली गाडीच्या पोटांतील बंदिस्त कोषांत राहते, दुसरी सर्वांस खुली असते. दुसरीवरून पहिली शोधून काढणें आजच्या गणकयंत्रांस अशक्यप्राय आहे. मोटारींसाठीं या मुद्रेचा जो प्रकार वापरतात, त्याचें गणित १९८५ सालीं कॉब्लिट्झ व मिलर यांनीं स्वतंत्रपणें सुचविलें. त्यांत लहान किल्लीनें काम भागतें. हा लहानपणा महत्त्वाचा आहे. भोंवतीं शंभर गाड्या असतील, तर सेकंदास हजार संदेश येतात, आणि त्यांतील मुद्रा पारखण्यास सेकंदाचा अत्यल्प अंश एवढाच अवकाश असतो.

पारखण्याची किल्ली खऱ्या वाहनाचीच हें कशावरून ओळखावें? त्यासाठीं सर्वमान्य संस्थेचा दाखला संदेशासोबत येतो, आणि त्या दाखल्यावर संस्थेची स्वतःची मुद्रा असते. आपल्याकडे २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें अशा अंकस्वाक्षरीस मान्यता दिली, व कंपन्यांचीं कागदपत्रें आज तिच्यावर चालतात. जी मुद्रा परक्याच्या हातीं पडली असें कळेल, तिचा दाखला रद्द करून रद्द दाखल्यांची यादी सर्व वाहनांस पोहोंचविली जाते. राक्षसापाशीं अशी यादी असती, तर विशाखदत्तास दुसरें कथानक शोधावें लागलें असतें!

मुद्रा आणि घराची अब्रू

तीन जुने दोष गेले. पण या मुद्रेनें एक नवा दोष आणला. जी गाडी सेकंदास दहा वेळां स्वाक्षरी करून आपला ठावठिकाणा सांगते, तिच्या पाळतीवर हेर ठेवण्याची गरजच उरत नाहीं. घरांतील कोण कोणत्या वैद्याकडे गेलें, मुलीच्या स्थळाची चौकशी कोणत्या गांवीं चालली आहे, घर कोणत्या दिवशीं रिकामें असतें, हें सर्व रस्त्याच्या कडेस ठेवलेलें एखादें यंत्र निमूटपणें टिपून ठेवूं शकेल.

टोलनाक्यावरील फास्टॅगची आपणांस संवय झाली आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला, आणि चारोटीच्या नाक्यावरून गाडी केव्हां गेली याची नोंद राहूं लागली. जून २०२२ मध्यें एक चित्रफीत पुष्कळ फिरली. कांच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळानें फास्टॅगमधील पैसे काढून घेतो, असें तींत दाखविलें होतें. ती निराधार असल्याचें नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें जाहीर केलें. पैसे वळते होतात ते नोंदणीकृत नाक्यासच, वाटेल त्या यंत्रास नव्हे. तो प्रवाद खोटा होता, परंतु त्यांतून लोकांनीं विचारलेला प्रश्न खरा होता: माझ्या गाडीस प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास आहे? टोलनाका निदान ठराविक ठिकाणींच विचारतो. बोलकी गाडी तर कोणीं न विचारतां वाटभर सांगत जाते.

या अडचणीवर अमेरिकेंतील योजनेंत विचारपूर्वक तोड काढलेली आहे. गाडीस एकच दाखला न देतां दर आठवड्यास वीस दाखले द्यावयाचे, त्यांवर मालकाचें नांव किंवा गाडीचा क्रमांक घालावयाचा नाहीं, आणि गाडीनें ते आलटून पालटून वापरावयाचे. ऐकणाऱ्यास एवढेंच कळावें कीं बोलणारी गाडी खरी आहे; ती कोणाची, हें कळूं नये. दाखले देण्याचें काम निरनिराळ्या कार्यालयांत असें विभागावयाचें, कीं कोणा एकास कोणते दाखले एकाच गाडीचे हें कळूं नये. लबाड गाडी ओळखून काढावयाची झाल्यास त्या सर्वांनीं आपापल्याकडील माहिती एकत्र करावी लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे. तेव्हां आपल्याकडे ही योजना येईल त्या वेळीं किल्ल्या किती बळकट आहेत एवढेंच न विचारतां, त्या कोणा एकाच्याच हातीं तर नाहींत ना, हेंहि विचारलें पाहिजे.

मुद्रा ज्यांच्यापाशीं नाहीं

शेवटीं दोन मर्यादा सांगावयाच्या राहिल्या. पहिली ही कीं, मुद्रा ही बोलणाऱ्याच्या ओळखीची हमी आहे, त्याच्या सत्यवचनाची नव्हे. अस्सल गाडीचें वेग मोजणारें यंत्र बिघडलें असेल, तर ती अस्सल मुद्रेखालीं खोटा वेग सांगेल. म्हणून ऐकणाऱ्या गाडीनें संदेश आपल्या कॅमेऱ्याशीं व रडारशीं ताडून पाहावा. जी गाडी ताशीं ऐंशीनें पुढें जात असल्याचें म्हणते ती डोळ्यासमोर उभी असेल, तर विश्वास डोळ्यांवर ठेवावा. बाहेरच्या शब्दास गाडीच्या अंतर्भागांत मोकळी वाट दिल्यानें काय होतें, हें २०१५ सालीं मिलर व व्हालासेक या दोघां अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. घरीं बसून, मोबाईलच्या जाळ्यांतून, त्यांनीं महामार्गावर धांवणाऱ्या एका जीप मोटारीचा वेग मारला. कंपनीस १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. पाहुणा ओटीवर बसावा. त्यानें थेट माजघरांत शिरूं नये, ही जुनी रीत यंत्रांच्या घरींहि पाळली पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. डहाणू व तलासरी येथील रस्त्यांवर मोटारीच चालतात असें नाहीं. पहांटे कामावर निघालेले वारली मजूर, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, सायकलीवरून शाळेस जाणारीं मुलें, आणि चैत्री पौर्णिमेच्या सुमारास विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस पायीं जाणारे भाविक यांच्यापाशीं ना यंत्र, ना दाखला, ना मुद्रा. ज्या दिवशीं गाड्या मुख्यत्वें एकमेकांच्याच शब्दावर चालूं लागतील, त्या दिवशीं जो बोलत नाहीं तो रस्त्यावर नाहींच, असें यंत्र समजूं लागण्याची भीति आहे. संदेश आला नाहीं याचा अर्थ वाट मोकळी आहे असा नव्हे, हा नियम यंत्र घडविणाऱ्यांनीं, आणि यंत्रावर विसंबणाऱ्या चालकांनींहि, प्रथम पाठ केला पाहिजे.

तात्पर्य, नवी मोटार घेतांना रंग व किंमत यांबरोबर आणखी तीन प्रश्न घरांतील जाणत्यांनीं विक्रेत्यास विचारावे. ही गाडी कोणाशीं काय बोलते? तिच्या किल्ल्या कोणाच्या स्वाधीन आहेत? आणि त्या बिघडल्यास किंवा चोरीस गेल्यास बदलून देण्याची जबाबदारी कंपनी किती वर्षें घेते? गाडी दहा-पंधरा वर्षें चालते. तिच्या मुद्रेची राखणहि तितकीं वर्षें झाली पाहिजे. हे प्रश्न पुष्कळ गिऱ्हाइकें विचारूं लागलीं, कीं त्यांचीं उत्तरें तयार ठेवणें कंपन्यांस भागच पडेल.